दुपारच्या सावलीची दुसरी वही

ही गोष्ट मी सहा वर्षं टाळत आलो. कुणी विचारलंच नाही, ही सबब मला पुरत होती. गेल्या आठवड्यात नातीने विचारलं आणि ती सबबही गेली.

नात पंधरा वर्षांची आहे. शाळेत तिला गणिताच्या इतिहासावर काहीतरी करून द्यायचं आहे आणि तिच्या वाट्याला ग्रीक आलेत. त्रिकोणमिती त्यांनी कशासाठी काढली, हा विषय. कागद कापायला कात्री हवी म्हणून ती आजीच्या शिलाई मशीनच्या खणात हात घालून बसली होती. कात्रीऐवजी एक वही घेऊन आली.

"आजोबा, व्हॉट्स धिस? रेसिपीज?"

तिला मराठी कळतं, वाचता येत नाही. मराठी आकडेही येत नाहीत. मी वही उघडली. ओळीने तारखा, वेळ आणि त्यांच्यापुढे आकडे. आकड्यापुढे एक उभी रेघ असेल तर पाव, दोन असतील तर अर्धा, तीन असतील तर पाऊण. ब्लाउजची मापं माझी बायको अशीच लिहायची. मधेमधे नुसतं 'ढग'. ऑकलंडात राहिलेल्या माणसाची वही आहे हे त्या 'ढग'वरून कुणालाही कळावं.

"आजीची आहे," मी म्हटलं. "सावलीची मापं आहेत."

"बट द शॅडो थिंग वॉज यू. डॅड सेड सो."

डॅड म्हणजे माझा मुलगा. तो तसंच सांगणार, कारण मी त्याला तसंच सांगितलं होतं. त्यालाच काय, व्याख्यानात अख्ख्या हॉलला सांगितलं होतं. नातीने ते तसंच तिच्या शाळेच्या कागदावर लिहिलं तर ते कायमचं खरं होऊन बसेल. म्हणून हे लिहितो आहे.

मी पुण्यात तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. त्रिकोणमिती म्हणजे भिंतीला टेकवलेली शिडी, मनोऱ्याचा उन्नतकोन आणि नदीच्या पलीकडचं झाड. तीस वर्षं मी त्याच शिडीवर पोरांना चढवलं आणि उतरवलं. ही विद्या शिडीसाठी जन्मलेली नाही, आकाशासाठी जन्मली, हे मी एकाही वर्गाला सांगितलं नाही. सांगितलं नाही, कारण मला माहीत नव्हतं. निवृत्त होऊन मुलाकडे, ऑकलंडच्या पापाटोएटो उपनगरात आलो, लायब्ररीत वेळ काढायला लागलो, तेव्हा वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी कळलं. स्वतःवर चिडायला तिथूनच सुरुवात झाली म्हणायला हरकत नाही.

जे वाचलं ते थोडक्यात असं. रोड्स नावाच्या बेटावर एक ग्रीक राहत होता. त्याच्या लक्षात आलं की वर्षाचे दोन भाग सारखे नाहीत. मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात, तिथून सप्टेंबरात पुन्हा समान होईपर्यंत एकशे सत्त्याऐंशी दिवस जातात. उरलेल्या अर्ध्या वर्षाला मात्र एकशे अठ्ठ्याहत्तरच. सूर्य पृथ्वीभोवती वर्तुळात एकाच चालीने फिरतो अशी त्या लोकांची समजूत होती. मग एका बाजूला आठ-नऊ दिवस जास्त कसे? त्याचं उत्तर असं, की पृथ्वी त्या वर्तुळाच्या मधोमध नाही, थोडी बाजूला आहे. बाजूला म्हणजे किती? दिवसांवरून कोन मिळतो, पण अंतर हवं तर कोनावरून सरळ रेघ काढता यायला हवी. त्यासाठी त्याने कोष्टक केलं. वर्तुळाच्या एवढ्या तुकड्याची दोन टोकं सरळ जोडली तर ती रेघ, म्हणजे जीवा, एवढी. त्याचं कोष्टक काळाच्या ओघात हरवलं. पुढे अलेक्झांड्रियाच्या एका ग्रंथकाराने साठ भागांची त्रिज्या धरून अर्ध्या-अर्ध्या अंशाचं कोष्टक लिहून ठेवलं, ते टिकलं. आपल्याकडच्यांनी पुढे अख्ख्या जीवेऐवजी अर्धी जीवा घेतली आणि काम फार सोपं करून टाकलं. माझ्या पोरांची शिडी त्यानंतर बऱ्याच काळाने आली.

हे मी बायकोला स्वयंपाकघरात सांगितलं. ती मेथी निवडत होती. पुण्यात तिने घरीच पंचवीस वर्षं ब्लाउज शिवले होते, शिक्षण अकरावीपर्यंत.

"म्हणजे मुंढा," ती म्हणाली.

"कसला मुंढा?"

"ब्लाउजचा मुंढा. गोल जाऊन मापला तर एक माप, सरळ टेप टाकली तर दुसरं. दोन्ही लिहावी लागतात. नाहीतर बाही बसत नाही."

मी म्हटलं, "अगं, मी आकाशाबद्दल बोलतोय."

"हो, मग तेच," ती म्हणाली आणि मेथीची जुडी उलटी केली.

त्या ग्रीकाने केलं ते आपण अंगणात करून बघायचं असं मी ठरवलं. निवृत्त माणसाला असलं काहीतरी सुचतंच. मुलाच्या घरामागे कपडे वाळत घालायचा जुना लोखंडी खांब होता. वरच्या छत्रीसारख्या दांड्या त्याने कधीच कापून टाकल्या होत्या, सिमेंटमध्ये रोवलेला सरळ दांडा तेवढा उरला होता. उंची दोन मीटर. रोज भर दुपारी त्याची सावली मोजायची, वर्षभर. इथे दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून जातो, त्यामुळे दुपारची सावली दक्षिणेला पडते. आमचा अक्षांश सदतीस. एवढ्यावरून दिवस-रात्र समान असताना सावली किती असेल ते गणिताने काढता येतं, दीड मीटरच्या जरा वर. सावलीने ते माप मार्चमध्ये ओलांडलं की एक खूण, सप्टेंबरात परत गाठलं की दुसरी. मधले दिवस मोजायचे.

भर दुपार ओळखायला दक्षिणोत्तर रेषा हवी. शाळेतल्या स्काउटच्या पथकासाठी घेतलेलं पितळी होकायंत्र मी बॅगेतून आणलं होतं. सुई इथे जरा घासायची, डबी थोडी तिरकी धरली की फिरायची. त्याकडे मी लक्ष दिलं नाही. पुण्यात याच होकायंत्रावर मी दरवर्षी मैदानात उत्तर-दक्षिण रेषा मारत असे आणि ती कधी चुकली नव्हती. होकायंत्राच्या रेषेवर दोरी ताणली, पाण्याच्या नळीने पातळी धरली आणि खांबापासून चार मीटर फरशा बसवल्या. सिमेंट कालवताना मुलगा येऊन उभा राहिला.

"बाबा, लॉन मोअर कुठून फिरवू मी आता?"

"दोन्ही बाजूंनी."

"हे सगळे आकडे ऑनलाइन मिळतात हो. सेकंदात."

"त्या ग्रीकाला मिळत नव्हते," मी म्हटलं. तो गेला.

फेब्रुवारी होता. पहिल्याच दिवशी एक वाजून पाच-सहा मिनिटांनी सावली फरशांवर आली. उन्हाळ्यात इथे घड्याळं पुढे करतात, तो डेलाइट सेव्हिंगचा तास वजा केला की बारा वाजून पाच. मी खूश झालो. चूक माणसाला एवढी गोड पुष्टी देते याचा मला आजही राग येतो. पहिल्या दिवशी ती जरा वेडीवाकडी आली असती तर मी थांबून विचार केला असता.

मार्चच्या मध्यापासून बायको दुपारी पायरीवर येऊन बसायला लागली. कपडे वाळत घालून झालेले असायचे आणि चिमट्यांची टोपली शेजारी. मी सावली मोजून, वहीत लिहून, आत जेवायला जायचो. ती अजून बसलेली असायची. एके दिवशी ती आत आली आणि म्हणाली, "अहो, तुम्ही आत आलात की ती आणखी आखूड होते."

"काय?"

"सावली. फरशा ओलांडून डावीकडे गवतात जाते आणि तिथे आणखी आखूड होते. मग परत वाढते."

"असं नसतं."

"मी दहा-दहा मिनिटांनी चिमटे लावलेत. बघा की येऊन."

गवतात लाल प्लॅस्टिकचे सात चिमटे उभे होते. मी पायरीवरूनच पाहिले. खांबाच्या सगळ्यात जवळचा चिमटा फरशांवर नव्हता, हातभर डावीकडे होता. त्यात एक गोष्ट इतकी उघड होती की सातवीतलं पोर सांगेल: सावली सगळ्यात आखूड होते ती खरी दुपार, आणि ती कुठे होते ते बघायला होकायंत्र लागतच नाही. आपले जुने ज्योतिषीसुद्धा दिशा काढायला शंकू, म्हणजे उभी रोवलेली काठी, आणि तिची सावलीच वापरत. हे मला माहीत होतं. मी स्वतः ते कुठल्यातरी वर्गात सांगितलं असेल.

मी म्हणालो, "उतार असेल गवताला. तुला यातलं काय कळतं? चिमटे काढ, मुलाच्या पायात येतील."

हिवाळा आला तशी माझी दुपार सरकत गेली. घड्याळं मागे घेतली तरी हिशेब जमेना. जूनमध्ये सावली अकरा वाजताच फरशांवर यायला लागली. अकराला कुठली आलीय भर दुपार? मी बायकोला समजावलं की सूर्याचं घड्याळ आणि भिंतीवरचं घड्याळ यांत वर्षभर फरक पडत राहतो. तो फरक असतो हे खरं, पण तो पंधरा-सोळा मिनिटांपलीकडे जात नाही. तास-सव्वातासाचा फरक मी त्या बिचाऱ्या सोळा मिनिटांच्या गळ्यात घातला. ती ऐकून घेत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "पण ती सव्वाबारा-साडेबाराला आखूड होते. रोज."

"रोज म्हणजे? तू रोज बघतेस?"

"ढग नसले तर."

याहून जास्त मी विचारलं नाही. तिने वही केली आहे हे मला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायचं नव्हतं, असं लिहिलं तर ते जास्त खरं होईल.

वर्ष संपलं. मधल्या काळात इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मी व्याख्यान कबूल करून बसलो होतो: 'त्रिकोणमिती आणि आकाश, आमच्या अंगणातून'. नाव मीच दिलं होतं. व्याख्यानाला आठ दिवस उरले तेव्हा जेवणाच्या टेबलावर कागद पसरून शेवटचं गणित करायला घेतलं. मार्च ते सप्टेंबर माझ्या वहीप्रमाणे एकशे पंच्याण्णव दिवस भरत होते. ग्रीकाचे एकशे सत्त्याऐंशी. पृथ्वीला वर्तुळाच्या मध्यापासून मी ग्रीकाच्या दुपटीहूनही लांब नेऊन ठेवलं होतं. दोन हजार वर्षांपूर्वी काठी घेऊन बसलेल्या माणसाला जे जमलं ते मला कॅल्क्युलेटर घेऊन जमलं नव्हतं. मी बेरजा पुन्हा तपासल्या, मग आणखी एकदा. मोठ्याने काहीतरी बोललोही असेन, कारण बायको मशीनवरून उठून आली.

तिने एक वही टेबलावर ठेवली. "उपयोग होतो का बघा," म्हणाली आणि परत जाऊन बसली.

ती हीच वही. तिची टेप साठ इंची होती, शिवणकामाची, पिवळी. उन्हाळ्यात अर्धी टेपही लागत नव्हती. जूनमध्ये साठ इंच पुरेनात म्हणून तिने तीन टेपा सेफ्टी पिनांनी जोडून मोजलं होतं आणि दोन्ही पिनांपाशी मिळून दुमडलेला अर्धा इंच दरवेळी आठवणीने वजा केला होता. समासात तसं लिहिलंय: 'पिनेचा ॥ वजा'. माझं दीड मीटर आणि वरचं थोडं म्हणजे तिच्या टेपवर एकोणसाठ इंच आणि पाव. टेप संपायला पाऊण इंच उरला की दिवस-रात्र सारखी. मार्चमधली ती ओळ आणि सप्टेंबरमधली ती ओळ यांच्यामधले दिवस मी मोजले. एकशे शहाऐंशी. बोटाने मोजले, मग कॅलेंडरवर.

माझ्या आणि तिच्या आकड्यांत उन्हाळ्यात जेमतेम इंचाचा फरक होता. जूनमध्ये तो हातभर होता. माझीच सावली सगळीकडे लांब.

मी तिला काय म्हणालो ते मला नीट आठवतं. म्हणालो, "बरे आहेत तुझे आकडे. वापरतो."

"वापरा की," मशीन थांबवून ती म्हणाली. "काही चुकलं असेल तर बघून घ्या."

व्याख्यान एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. सत्तरेक माणसं, बहुतेक पुण्या-मुंबईची, आयटीतली आणि इंजिनिअर, पोरं मागे धावत होती. बायको शेवटच्या टेबलापाशी चहाचे कप मांडत होती. मी बोललो, छान बोललो. रोड्सचा ग्रीक, जीवा, साठ भागांची त्रिज्या. अलेक्झांड्रियाच्या ग्रंथकाराने आधीच्याची निरीक्षणं आपली म्हणून खपवली असा काही अभ्यासकांना संशय आहे, हेही मी सांगितलं. जरा तावातावाने सांगितलं. दुसऱ्याने उन्हात बसून काढलेल्या दुपारी आपल्या नावावर घेणं यासारखी अप्रामाणिक गोष्ट शास्त्रात नाही, असं काहीसं वाक्य होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मी पडद्यावर आकडे दाखवले, इंचांचे सेंटिमीटर करून, आणि म्हणालो, "ही माझी वर्षभराची मापं."

पुढच्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, "काका, पण हे सगळं मुळात आपल्याकडूनच तिकडे गेलं ना?" त्यावर मी पाच मिनिटं वैतागून बोललो. जे त्यांचं ते त्यांचं म्हणावं, जे आपलं ते आपलं, दुसऱ्याच्या कष्टावर नाव कोरण्यात कसलं मोठेपण. यालाही टाळ्या पडल्या. आता हे लिहिताना मला खुर्चीत नीट बसवत नाही.

शेवटी एक तरुण उठला. रस्तेबांधणीत इंजिनिअर होता, पुण्याचाच. पडद्यावर अंगणाचा फोटो होता, खांब आणि फरशांची ओळ.

"काका, एक विचारू? ही लाइन होकायंत्राने मारलीय का?"

"हो."

"मग ती वीस अंश बाहेर असणार. इथे सुई खऱ्या उत्तरेच्या वीस अंश पूर्वेला जाते. साइटवर पहिल्या दिवशी हेच शिकवतात आम्हाला. पुण्यात फरक नसल्यासारखाच असतो, त्यामुळे आपण फसतो. मीही फसलो होतो." तो हसून बोलत होता, त्याच्या मनात काही नव्हतं. "पण तुमचे आकडे तर बरोबर येतायत. ते कसं काय?"

तिथे मला एक वाक्य बोलायचं होतं. ते अवघड नव्हतं. ती तिथेच, पंधरा पावलांवर उभी होती.

मी म्हणालो, "अहो, फरशा आमच्या हिने लावल्या. बायकांच्या हातात होकायंत्र दिलं की असं होतं. मी आपला आखूड सावली बघून मोजत होतो."

हॉल हसला. चांगला मोठ्याने हसला. मी मागे पाहिलं. तीही हसत होती, हातातल्या ट्रेकडे बघत, बाकीचे हसतात म्हणून आपणही हसावं तशी. शेजारच्या बाईने तिला कोपराने डिवचलं आणि काहीतरी म्हणाली. ती मान हलवून कप भरायला लागली. तो इंजिनिअर "सही आहे काका" म्हणून बसला. प्रश्न संपले.

गाडीत मुलगा आणि सून पुढे होते, आम्ही दोघं मागे. अर्ध्या रस्त्यात ती म्हणाली, "फरशा उचलायच्या का आता?"

"राहू दे," मी म्हटलं.

"मोअरला अडतात म्हणून म्हटलं."

झालं. एवढंच बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने गवतातले चिमटे गोळा केले, पुसले आणि टोपलीत टाकले. पायरीवर ती त्यानंतरही बसायची, पण फोनवर बहिणीशी बोलत. वही खणात गेली. तिला राग आला होता का, हे मला सांगता येणार नाही. राग आला असता तर ती बोलली असती. पुण्यात मी एकदा गिऱ्हाइकासमोर तिला टोकलं तर तिने आठ दिवस मला नुसतं वरण-भात वाढला होता. या वेळी आमटीही झाली, भाजीही झाली, आणि मला ते जास्त लागलं.

मी प्रयत्न केला नाही असं नाही. मुलगा आम्हाला टौरंगाला, समुद्रकिनारी घेऊन गेला होता. त्याचे मित्र समुद्रात शिरले, आम्ही दोघं वाळूत चादर टाकून बसलो. मी गाडीत वाक्य तयार करून ठेवलं होतं. "ऐक ना," म्हणालो, "ते फरशांचं..."

"टोपी घाला आधी," ती म्हणाली. "ऊन बघा किती लागतंय. इथलं ऊन चावतं."

मी टोपी घातली. टोपी घालेपर्यंत वाक्य गेलं. तिने तोवर पायातली एक जँडल, म्हणजे इथली रबरी चप्पल, वाळूत उभी खोचली होती. चपलेच्या सावलीच्या टोकाशी तिने एक शिंपला ठेवला. थोड्या वेळाने दुसरा. मी पाहत होतो. ती माझ्याकडे बघत नव्हती. पाच शिंपले झाल्यावर मुलाची हाक आली, ती उठली आणि जँडल झटकून पायात घातली.

तिचं दुखणं दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आलं. मी ते लिहिणार नाही, त्यात सांगण्यासारखं काही वेगळं नाही. हॉस्पिटलातली एक दुपार तेवढी लिहायला हवी, कारण त्यानंतर ती फारशी बोललीच नाही. खिडकी उत्तरेकडे होती, जमिनीवर उन्हाचा पट्टा पडला होता आणि त्यात सलाइनच्या स्टँडची सावली. मी खुर्चीत बसून पेपर वाचत होतो, म्हणजे वाचल्यासारखं करत होतो.

"किती वाजले?" तिने विचारलं.

"बारा वीस."

तिने मान वळवून जमिनीवरच्या सावलीकडे पाहिलं. "मग आता," ती म्हणाली.

मला कळलं. तिच्या वहीत जून महिन्यात पानभर हीच वेळ आहे. आता सगळ्यात आखूड, आता मोजायची. खोलीत आम्ही दोघंच होतो. टोपी नव्हती, मुलगा नव्हता, हॉल नव्हता. तिचा हात पांघरुणावर होता, टेप धरल्यासारखी दोन बोटं जुळलेली. किंवा मला तसं वाटलं असेल.

गेल्या आठवड्यात नातीला मी अख्खी वही वाचून दाखवली. मी आकडे सांगत गेलो, ती लॅपटॉपवर टाइप करत गेली. उभ्या रेघा समजावल्या. 'पिनेचा अर्धा वजा' ऐकून ती म्हणाली, "दॅट्स अ करेक्शन, आजोबा. शी डिड अ करेक्शन." मग खिडकीतून तिरप्या फरशांकडे बघत म्हणाली, "सो हू पुट दोज देअर?"

"मी," मी म्हटलं.

"डॅड ऑलवेज जोक्स दॅट आजी डिड."

"डॅडला मी सांगेन."

त्या संध्याकाळी मी सांगितलं. मुलगा ऐकून घेऊन म्हणाला, "बाबा, कुणाला आठवतंय आता ते?" मला आठवतं, एवढंच त्याला सांगता आलं. नातीने तिच्या कागदावर आजीचं नाव घातलं आहे. खाली आकडे आहेत, ढगांसकट. ते बरोबर झालं, पण ते नातीने केलं. इथे जे लिहिलं ते नातेवाईक वाचतील, मंडळातले वाचतील, तो इंजिनिअरही कदाचित वाचेल. जिने वाचायला हवं होतं तिच्यापर्यंत यातलं काही पोचणार नाही. हे मला माहीत असून मी दोन दिवस टेबलाशी बसून लिहितो आहे, आणि त्याचाही मला वैताग येतो.

हॉस्पिटलातल्या त्या दुपारी वाक्य तयार होतं. टौरंगाच्या गाडीत जुळवलेलंच होतं: फरशा मी लावल्या, माप तू घेतलंस, हॉलमध्ये मी खोटं बोललो, माझं चुकलं. ती जमिनीवरच्या सावलीकडे बघत होती. मी पेपर घडी करून ठेवला, खुर्ची पुढे ओढली, तिच्या हातावर हात ठेवला आणि तोंड उघडलं. तेवढ्यात परिचारिका जेवणाचा ट्रे ठेवून गेली.

मी झाकण उचललं आणि म्हणालो, "जेवून घे. गार होतंय."